नाद, अनुवाद आणि वाद्यवृंद : रखमानिनोव यांच्या ‘द बेल्स’चा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
ज्या कवितेचा प्राण अर्थापेक्षा नादात असतो, तिचे भाषांतरात काय उरते, हा तौलनिक साहित्याभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. एडगर अॅलन पो यांच्या ‘द बेल्स’ (१८४९) या कवितेवरून रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव यांनी १९१३ मध्ये वाद्यवृंद, समूहगान व तीन एकल गायकांसाठी रचलेली सिंफनी या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यसनीय ठरते.

नादाची पुनर्निर्मिती :
पो यांच्या कवितेत बर्फावरील गाडीची चांदीची, विवाहाची सोन्याची, आगीच्या इशाऱ्याची पितळी आणि मृत्यूची लोखंडी अशा चार घंटा आहेत. त्यांचा नाद इंग्रजीतील नादानुकारी शब्दांतून व पुनरुक्तीतून साकारतो. रखमानिनोव यांच्यासमोर मात्र कॉन्स्टंटिन बालमॉन्ट यांचा मुक्त रशियन अनुवाद होता. इंग्रजी शब्दांचा नाद त्यात जसाच्या तसा येणे शक्यच नव्हते. ही उणीव संगीतकाराने केवळ घंटा वाजवून भरून काढलेली नाही. हार्प, सेलेस्टा, पियानो, पितळी सुषिरवाद्ये आणि मानवी कंठ या सर्वांना त्यांनी घंटेचे गुणधर्म दिले आहेत.

तिसऱ्या भागात एकल गायक नाही. समूहस्वरांच्या कल्लोळात तेथे शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत. हा दोष मानता येईल. स्वतः रखमानिनोव यांनीही १९३६ च्या शेफील्ड येथील प्रयोगासाठी या भागातील गायनाची पुनर्रचना केली. परंतु आगीच्या प्रसंगी नादाने अर्थाला ग्रासणे हे पो यांच्या काव्यपद्धतीशी सुसंगतच आहे. अनुवादात हरवलेला मूळ कवितेचा स्वभाव येथे संगीतातून परत येतो.

अर्थाचे परिवर्तन :
चौथ्या भागाबाबत मात्र असे म्हणता येत नाही. पो यांच्या शेवटच्या कडव्यात घंटा वाजविणारे पिशाच्च आनंदाने नाचते. बालमॉन्ट यांचा शेवट थडग्यातील शांततेकडे वळतो. रखमानिनोव यांनी ही शांतताच स्वीकारली आहे. सी शार्प मायनरमधील शोकमग्न संगीत अखेरीस डी फ्लॅट मेजरमध्ये हळुवार विसावते. हे सांत्वन पो यांचे नाही. म्हणून या रचनेला ‘पो यांच्या कवितेचे संगीतरूप’ म्हणणे अपुरे ठरते.

निष्कर्ष :
या रचनेत संगीताने कवितेचा नाद परत मिळवून दिला, पण तिचा शेवट बदलला. इंग्रजीत ती गाण्यासाठी पो यांच्या मूळ ओळी स्वररचनेत बसल्या नाहीत. रशियन पाठावरून पुन्हा इंग्रजी अनुवाद करावा लागला. मूळ कवितेलाच तिच्यापासून जन्मलेल्या कलाकृतीत जागा उरली नाही, ही घटना अनुवादाच्या अभ्यासात ‘निष्ठा’ या निकषाचा फेरविचार करावयास लावणारी आहे.