श्रोत्याचे मत आणि ध्वनिमुद्रिकेचा पाठ

ध्वनिमुद्रिकांविषयीची एका श्रोत्याची वैयक्तिक मते हा विद्यापीठीय पत्रिकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संगीताची चर्चा एक तर संगीतशास्त्रज्ञाने करावी, नाही तर मैफलीत आयुष्य घालविलेल्या रसिकाने करावी. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने आपल्या आवडीनिवडी छापण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी विचारील. हा आक्षेप प्रस्तुत लेखकाला सर्वस्वी अमान्य नाही. 'मला हे आवडले' एवढ्या विधानाला टीकेच्या प्रांतात फारशी किंमत नसते. तथापि त्या विधानापासून टीकेपर्यंत जाणारी वाट कोठून निघते, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर स्वतःची जी मते पुढे बदलावी लागली ती तपासून पाहणे, हा सर्वांत सरळ उपाय होय. म्हणून येथे चार ध्वनिमुद्रिकांविषयीची माझी मते मांडीत आहे. त्यांपैकी दोन मराठी आहेत व दोन अमेरिकन जॅझच्या आहेत. चौघींविषयीचे माझे पहिले मत आज जसेच्या तसे राहिलेले नाही.

प्रथम शब्दाविषयी. 'आल्बम' हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरी, कोरी पाटी असा आहे. पुढे तो चित्रांच्या व छायाचित्रांच्या वहीला लागला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून फारसे अधिक संगीत मावत नसे; म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून त्या तबकड्या वहीसारख्या बांधणीत विकीत, आणि त्या बांधणीमुळे हा शब्द संगीताकडे आला. १९४८ साली लाँग प्ले तबकडी निघाली व एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. वही गेली, शब्द मात्र राहिला. मराठीत 'तबकडी' व 'ध्वनिमुद्रिका' हे शब्द वस्तू सांगतात, 'गीतसंग्रह' हा शब्द आत गीते आहेत एवढे सांगतो. परंतु गीतांचा क्रम, बाजूंची विभागणी, आवाजांची निवड, वेष्टनावरील मजकूर या सर्वांची मिळून जी एक रचना होते तिला आपल्याकडे रूढ नाव नाही. परिणामी आपले मत बहुधा गायकाविषयी किंवा सुट्या गीताविषयी असते. त्या रचनेविषयी बोलावयाचे झाल्यास जुन्या ग्रंथांच्या अभ्यासातील 'पाठ' ही संज्ञा उपयोगी पडते, असे मला वाटते. पोथीचे पाठभेद पाहिल्यावाचून आपण ज्ञानेश्वरीतील ओवीविषयी मत देत नाही. ध्वनिमुद्रिकेविषयी मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते.

गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५-५६ या काळात पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. प्रसारणात ही गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे ती फडके यांच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आली, आणि माझ्या पिढीने कॅसेटवर जे गीतरामायण ऐकले ते हे. मूळ प्रसारणातील काही गीते कानी पडण्यापूर्वी माझे मत असे होते, की अनेक आवाजांचे गीतरामायण अधिक नाट्यपूर्ण असणार आणि एका आवाजाचे ही केवळ सोय. दोन्ही पाठ ऐकल्यानंतर हे मत टिकले नाही. अनेक आवाजांच्या पाठात बोलणारे पात्र आवाजावरून ओळखता येते. सीतेचा 'मी' स्त्रीच्या कंठातून येतो. एका आवाजाच्या पाठात हे काम भाषेला करावे लागते. क्रियापदाचे लिंग, संबोधन, 'मी' व 'तू' यांचे संदर्भ यांवरूनच श्रोत्याला वक्ता ठरवावा लागतो. आणि माडगूळकरांची रचना हे ओझे सहज पेलते. येथे आपल्या परंपरेतील कीर्तनकार आठवावा. तोही एकटाच राम होतो, कैकेयी होतो, आणि पुन्हा कथेकरी होतो. पहिला पाठ श्रुतिकेच्या जवळचा आहे, दुसरा कीर्तनाच्या. कोणता अधिक चांगला, या प्रश्नाला आता मला अर्थ वाटत नाही; कोणत्या पाठात काय ऐकू येते, हे सांगता आले पाहिजे.

दुसरी ध्वनिमुद्रिका लता मंगेशकर यांनी श्रीनिवास खळे यांच्या संगीतात गायिलेल्या तुकोबांच्या अभंगांची. वारकऱ्यांचे भजन लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला या ध्वनिमुद्रिकेत प्रथम एक उणीव जाणवते. भजनात ध्रुपद समुदाय उचलतो. एकाने म्हटलेला चरण दहांच्या मुखाने परत येतो. ध्वनिमुद्रिकेत अभंग मुख्यतः एका कंठात राहतो, आणि फडावरील अभंग दिवाणखान्यात येऊन बसल्यासारखा वाटतो. कित्येक वर्षे माझे मत एवढेच होते, व ते मी वर्गातही बोलून दाखवीत असे.

पुढे छंदाचा पाठ शिकविताना ते अपुरे असल्याचे ध्यानी आले. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे मोजतात. ही मोजणी आजच्या बोलीच्या उच्चाराप्रमाणे केली तर जुळत नाही. कारण शब्दान्तीचा 'अ' आपण बोलताना टाकून देतो. 'राम' हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा, बोलताना मात्र एकाच अवयवाचा होतो. गायनात हा लोपलेला 'अ' परत येतो आणि अक्षरसंख्या पूर्ण होते. टाळमृदंगाच्या गजरात तो समुदायाच्या आवाजात मिसळून जातो. लताबाईंच्या गायनात तो स्पष्ट, हलका आणि नेमक्या जागी ऐकू येतो. खळे यांच्या चालीही त्याला जागा ठेवतात. अभंगाचा छंद पुस्तकातून मला ठाऊक होता. कानाने तो उमगला तो या ध्वनिमुद्रिकेमुळे. पहिल्या मतातील उणीव खोटी नव्हती, समुदाय येथे नाहीच. परंतु समुदायात जे ऐकू येत नव्हते ते येथे ऐकू येते, ही दुसरी बाजू मी ऐकलीच नव्हती.

येथवर भाषा आपली होती व परंपराही आपली. जेथे दोन्ही परकी आहेत तेथे श्रोत्याच्या मताचे काय होते, हे पाहण्यासाठी आता जॅझकडे वळू.

माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका १९५९ साली २ मार्च व २२ एप्रिल या दोन दिवशी न्यूयॉर्क येथे मुद्रित झाली. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ती चटकन जवळची वाटते. जॅझमधील भराभर बदलणारे स्वरसंघ येथे बाजूला ठेवून वादक एका स्वरसप्तकावर दीर्घकाळ विस्तार करतात. 'हा जॅझमधला रागच' असे आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत असे. हे मत पडताळून पाहावे म्हणून एकदा पहिल्या रचनेबरोबर विजेचा तानपुरा लावला. त्या रचनेचे पहिले सोळा मात्रागट जे सप्तक वापरतात ते आपल्या काफी थाटाशी जुळते. नंतरचे आठ गट मात्र तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर उचलून वाजविले जातात, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी येतात. तानपुऱ्याबरोबर ऐकताना सतराव्या गटाशी जो विसंवाद होतो तो कोणाही श्रोत्याला जाणवावा. येथे आधारस्वरच जागा बदलतो. रागात स्वर वर्ज्य होतील, विवादी येतील. परंतु विस्ताराच्या मध्येच षड्ज सरकत नाही. साम्य सप्तकात आहे, व्याकरणात नाही. दोन भाषांत एक शब्द सारखा दिसला म्हणून त्या एका कुळातील ठरत नाहीत, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. ते मला संगीतात उमगण्यास तानपुरा लागला.

याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट घडली. मजजवळची तबकडी जुन्या मुद्रणाची होती. तिच्या पहिल्या बाजूशी तानपुरा नेमका जुळेना. तबकडीचा स्वर किंचित चढा राही. दोष माझ्या यंत्राचा असावा असे मी धरून चाललो, परंतु दुसरी बाजू त्याच यंत्रावर बरोबर जुळली. कारण पुढे समजले. २ मार्चच्या मुद्रणाच्या वेळी फीतयंत्र किंचित संथ चालत होते. त्यामुळे ती फीत योग्य गतीने वाजविली की स्वर चढतो. त्या दिवशीच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूवर आहेत. ही चूक १९९२ सालच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. म्हणजे तेहतीस वर्षे श्रोत्यांनी या रचना वादकांनी वाजविल्या त्याहून चढ्या स्वरात व किंचित जलद ऐकल्या, त्यांवर मते दिली, आणि कित्येकांनी त्यांच्याबरोबर सराव केला. त्या मतांना खोटी म्हणता येणार नाही. ती एका पाठाविषयीची मते होती. मात्र आज पहिल्या रचनेच्या गतीविषयी कोणी मत देत असेल तर त्याने कोणता पाठ ऐकला, हे त्याला विचारणे भाग आहे.

चौथी ध्वनिमुद्रिका जॉन कोल्ट्रेन यांची 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ रोजी ती मुद्रित झाली व १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिचे चार भाग आहेत. पहिले तीन मला प्रथमपासून पटले. चौथा भाग लयीची पकड सुटलेला, दिशाहीन वाटला. 'शेवटी रचना ढासळते' असे मी माझ्या वहीत लिहून ठेविले होते. त्या वेळी मी ती ध्वनिमुद्रिका वेष्टनावाचून ऐकली होती. वेष्टनावर कोल्ट्रेन यांची ईश्वराला उद्देशून लिहिलेली कविता छापलेली आहे, आणि चौथ्या भागात सॅक्सोफोन त्या कवितेचे शब्द अक्षरशः अवयवामागून अवयव उच्चारीत जातो. कविता समोर ठेवून ऐकले की दिशाहीन वाटणारी प्रत्येक स्वरपंक्ती वाक्य होते. आभाराचे पद जेथे जेथे येते तेथे तेथे स्वर खाली उतरून विसावतो. लय सुटलेली नाही. ती बोलण्याची लय आहे, आणि मी तेथे तालाची शोधीत होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. कविता कानाला ऐकू येत नाही. तिच्या आधाराने मत बदलणे म्हणजे ऐकण्याऐवजी वाचणे नव्हे काय? माझे उत्तर असे, की वेष्टन हा या रचनेच्या पाठाचाच भाग आहे. रचनाकाराने ते शब्द श्रोत्याच्या हाती ठेविले होते. शिवाय कविता वाचल्यानंतर जे ऐकू आले ते तबकडीवर पूर्वीही होतेच. वाचनाने नवे स्वर निर्माण झाले नाहीत, असलेले ऐकू येऊ लागले. आज बहुसंख्य विद्यार्थी संगीत वेष्टनाशिवाय, एकेक तुकडा सुटा करून ऐकतात. त्यांच्या मतांना मी कमी लेखीत नाही. परंतु पोथीचे सुटे पान वाचून ग्रंथाविषयी मत देण्याचा धोका त्यांत आहे, आणि तो माझ्या वहीतील त्या वाक्यात मी स्वतःच ओढवून घेतला होता.

मैफलीचे जाणते रसिक म्हणतील की हा सर्व खटाटोप निर्जीव वस्तूसाठी आहे. गाणे समोर बसून ऐकावे, तबकडीवर त्याची सावली तेवढी उरते. मैफलीचा अनुभव ध्वनिमुद्रिका देऊ शकत नाही, हे मान्यच आहे. पण मैफलीविषयीचे मत पुन्हा तपासता येत नाही. ती संपल्यावर आठवण उरते, आणि आठवण मताला अनुकूल अशीच होत जाते. ध्वनिमुद्रिका परत लावता येते. माझे मत चुकल्याचे तिने मला चार वेळा दाखविले. मैफलीने ते दाखविल्याचे मला स्मरत नाही. याचा अर्थ मैफलीविषयीची माझी मते अचूक होती असा खचित नाही.

श्रोत्याच्या मताला टीकेचे मोल येते ते तीन गोष्टींनी, असे या चार उदाहरणांवरून म्हणता येईल. त्याने कोणता पाठ ऐकला हे सांगावे. कोणत्या जागी काय ऐकू आले हे दाखवावे, म्हणजे दुसऱ्यास ते पडताळता येईल. आणि कोणत्या परंपरेची अपेक्षा घेऊन तो ऐकावयास बसला होता हे लपवू नये. अभंगाकडे मी भजनाची अपेक्षा घेऊन गेलो, जॅझकडे रागाची, कोल्ट्रेनकडे तालाची. या गोष्टी पाळल्यावरही मत वैयक्तिकच राहते, आणि तसे राहण्यास हरकत नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना मी सुचवीन, की ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी त्यांचे मत पक्के झाले आहे अशी एक निवडावी, ते मत तारखेसह लिहून ठेवावे, आणि वर्षानंतर तिचा दुसरा पाठ मिळवून पुन्हा ऐकावे. माझ्या वहीतील कोल्ट्रेनविषयीचे वाक्य मी खोडलेले नाही. त्याच्या खाली दुसरी तारीख घालून दुसरे वाक्य लिहिले आहे, आणि त्याखाली थोडी जागा मोकळी ठेविली आहे.