‘मो-हो-ल-च’ : एका लिप्यंतराची चिकित्सा

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावरील मराठी लेखनात ह्यूएनत्संग ह्या चिनी यात्रिकाचा उल्लेख बहुधा एका ठराविक वाक्याने होतो : इ. स. 641 च्या सुमारास तो पुलकेशीच्या राज्यात आला व ह्या देशाचे नाव त्याने ‘मो-हो-ल-च’ असे लिहून ठेवले. वाक्य येथेच संपते. परकीय जिभेने ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दाची कशी दैना केली, ह्याचे किंचित हसू तेवढे वाचकाच्या मनात उरते. वस्तुतः ही दैना ह्यूएनत्संगाच्या हातून झालेली नाही. त्याने योजिलेली चार अक्षरे आजच्या पेकिंगच्या उच्चाराप्रमाणे वाचली गेली, मग ती इंग्रजीत उतरली, आणि तेथून देवनागरीत येताना त्यांतील एक चिन्ह गळून पडले.

प्रथम ह्या गळालेल्या चिन्हाविषयी. सॅम्युएल बील ह्याने 1884 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात अखेरच्या अक्षराच्या व्यंजनानंतर अवग्रहासारखे एक चिन्ह आहे. ते महाप्राणाचे द्योतक होय. मँडरिन भाषेत स्पर्शवर्णांचा भेद घोष-अघोषाचा नसून अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. प आणि फ, त आणि थ ह्यांच्यासारखा. रोमन लिपीत महाप्राणाला स्वतंत्र अक्षर नसल्यामुळे भाषांतरकारास चिन्हाचा आश्रय करावा लागला. देवनागरीला तशी गरज नव्हती. ‘छ’ हाताशी होताच. तरीही मराठी लेखकांनी इंग्रजी अक्षरे पाहून ‘च’ लिहिला. त्यातही मराठी वाचक हा च ‘चारा’तल्यासारखा दंत्य वाचणार की ‘चार’मधल्यासारखा तालव्य, हा प्रश्न उरतोच.

आता तांगकालीन उच्चाराकडे वळावयाचे. इ. स. 601 मधील यमककोश व आजच्या चिनी भाषाभगिनी ह्यांची सांगड घालून बर्नहार्ड कार्लग्रेन ह्या स्वीडिश पंडिताने 1915 ते 1926 ह्या काळात मध्यकालीन चिनीची ध्वनिव्यवस्था पुनर्रचित केली. पुढील संशोधकांनी तीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या. परंतु प्रस्तुत मुद्द्यापुरते दोन निष्कर्ष सर्वमान्य म्हणता येतील. पहिला असा की, आज मँडरिनमध्ये च-छ सारखे ऐकू येणारे कित्येक वर्ण त्या काळी ट-वर्गातले, म्हणजे मूर्धन्य स्पर्श होते. ह्याचा पुरावा कोल्हापूरहून रत्नागिरीस जाताना मलकापुरात उतरून जो चहा घ्यावा, त्याच्या नावातच आहे. ‘चहा’ हा शब्द चिनीच्या ज्या रूपातून आला, त्यात मूर्धन्याचे च-सदृश वर्णात रूपांतर झाले होते. दक्षिणेकडील मिन भाषेत मात्र तो स्पर्शच राहिला व ‘ते’ हे रूप डचांमार्फत इंग्रजीत गेले. ‘मो-हो-ल-च’मधील शेवटचे अक्षर ह्याच वर्गाचे व चहाच्याच यमकाचे आहे. त्याचा तांगकालीन उच्चार ‘ठ’ असा होता.

दुसरा निष्कर्ष तिसऱ्या अक्षरासंबंधी आहे. मँडरिनने शब्दान्तीचे स्पर्श टाकून दिले. कँटनीने ते जपले. म्हणून पेकिंगमध्ये जे ‘ला’ होते, ते कँटनमध्ये आजही ‘लात्’ असे ऐकू येते. चिनीत र नसल्याने त्याच्या जागी ल योजणे भाग होते. तेव्हा ह्यूएनत्संगाने लिहिले ते असे वाचले पाहिजे : म-ह-लत्-ठ. लत् आणि ठ ह्यांच्या संधीत ‘रट्ठ’ उभा राहतो. बीलच्या चिन्हाबरोबर मराठी ग्रंथांतून जे गळाले, ते ‘मराठा’ ह्या शब्दातील ठ-काराचे महाप्राणत्व होते.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, हे ‘राष्ट्र’चेच ओबडधोबड संक्षिप्त रूप असावे. परंतु ‘राष्ट्र’मध्ये ट अल्पप्राण आहे, आणि अल्पप्राण ट-साठी ह्यूएनत्संगाजवळ निराळे अक्षर होते; पाटलिपुत्राच्या नावात त्याने ते वापरले आहे. संयुक्त स-कारही त्याला लिहिता येत असे. ‘स्तूप’ व ‘श्रावस्ती’ ह्यांची त्याची रूपे त्याची साक्ष देतात. शिवाय सुराष्ट्राचे नाव लिहितानाही त्याने अखेरीस हीच दोन अक्षरे योजिली आहेत. पूर्वसूरींची लिप्यंतरे अशुद्ध म्हणून जागोजागी टिपणारा हा संस्कृतज्ञ येथे निष्काळजी झाला, असे मानण्यापेक्षा त्याच्या कानी ‘महारट्ठ’ हे प्राकृत रूपच पडले, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. ऐहोळेच्या शके 556 मधील प्रशस्तीत रविकीर्ती ‘महाराष्ट्रक’ हे संस्कृत रूप योजतो; त्यानंतर सहा-सात वर्षांतच त्याच राजाच्या प्रदेशात प्राकृत रूप नोंदले जाते.

ह्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मत सिद्ध होते, असे मात्र कोणी म्हणू नये. ‘रट्ठ’ हे मूळ लोकनाम व ‘राष्ट्र’ हे त्याचे संस्कृतीकरण, असे ते मत. पण ‘राष्ट्र’पासून ‘रट्ठ’ हे रूपही प्राकृताच्या नियमांनी सरळ निघते. चिनी साक्ष सातव्या शतकातील उच्चार सांगते. व्युत्पत्ती सांगत नाही.

पुण्यात चिनी जाणणाऱ्या विद्वानांची परंपरा होती. पु. वि. बापट ह्यांनी ‘विमुत्तिमग्गा’चा चिनी अनुवाद ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून 1937 साली ग्रंथ सिद्ध केला, ‘समंतपासादिके’च्या चिनी रूपाचे त्यांनी हिराकावा ह्यांच्यासह केलेले भाषांतर 1970 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केले. वा. वि. गोखले ह्यांचे कार्यही ह्याच दिशेचे. दोघांचा रोख बौद्ध ग्रंथांच्या आशयाकडे होता आणि तो योग्यच होता. चिनी ध्वनींचा इतिहास हे स्वतंत्र साधन मराठी संशोधनात त्या मानाने दुर्लक्षित राहिले. 1958 च्या नव्या रोमन लेखनपद्धतीने तर घोटाळ्यात भर घातली आहे. पुलकेशीचे चिनी नाव तीवरून देवनागरीत आणणारा विद्यार्थी ‘बु-लुओ-जी-शे’ असे लिहील, आणि मूळचा प व क दोन्ही गमावील. त्यांपैकी क कँटनीत अद्याप शाबूत आहे.

अर्थात ह्या साधनालाही मर्यादा आहेत. महाराष्ट्राच्या वर्णनात ज्या डोंगरातील विहाराचे वर्णन येते व जो सामान्यतः अजिंठा मानला जातो, त्याच्या निर्मात्या अर्हताचे नाव भाषांतरकारांनी ‘आचार’ असे वाचले. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात स्थविर ‘अचल’ ह्याचा उल्लेख आहे. र आणि ल ह्यांना चिनीत एकच अक्षर पडत असल्याने ध्वनीच्या आधारे ह्या दोहोंतून निवड करता येत नाही. तेथे शिलालेखाकडेच वळावे लागते.