न बदललेल्या चित्राचं रसग्रहण

टू-डी एकोच्या स्क्रीनवर पाहण्यासारखं पुष्कळ असतं, पण माझी नजर शेवटी एकाच जागी थांबते: मायट्रल झडपेच्या पुढच्या पडद्यावर. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये ही झडप आहे. तिला दोन पडदे, पुढचा लांब आणि मागचा आखूड. झडप उघडताना पुढचा पडदा आधी मोठी झेप घेतो, मग अर्धवट मागे येऊन क्षणभर तरंगत राहतो, आणि मिटण्याआधी पुन्हा एकदा, जरा हलकेच, उघडतो. पहिली झेप रक्त आपल्या ओढीनं खाली उतरतं तेव्हाची. दुसरी, वरचा कप्पा आकसून उरलंसुरलं रक्त ढकलतो तेव्हाची. मधल्या तरंगण्यात फारसं काही घडत नाही, आणि मला विचाराल तर सगळी शोभा त्या मधल्या जागेची आहे. गुरुकुंज मोझरीला भजनात खंजिरीवर एक भरीव थाप पडते, मग जागा सुटते, मग हलकी थाप येते. हा ठेका आमच्या तिवसा तालुक्यातल्या माणसाच्या कानात लहानपणापासून असतो. एकोत तोच डोळ्यांना दिसतो.

मी ज्याचं रसग्रहण करतो आहे ते माझ्या वहिनींचे दोन एको आहेत, काही वर्षांच्या अंतरानं अमरावतीला काढलेले. वहिनींना हृदयाचा आजार नाही. त्यांच्या मेंदूच्या तळाशी, पीयूष ग्रंथीत, एक साधी गाठ आहे. ती कर्करोगाची नाही, एक सेंटिमीटरहूनही लहान आहे, पण दुधाचं संप्रेरक, म्हणजे प्रोलॅक्टिन, गरजेपेक्षा जास्त बनवते. पाळी थांबली, मूल कडेवर नसताना दूध येऊ लागलं, आणि रक्ताच्या तपासणीत कारण सापडलं. अशा गाठीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. कॅबर्गोलिन नावाची गोळी गाठ आकसवते आणि प्रोलॅक्टिन खाली आणते. औषधाचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला पासष्ट तासांच्या आसपास लागतात, म्हणून ती रोज घ्यावी लागत नाही. वहिनी बुधवारी आणि रविवारी रात्री जेवणानंतर अर्धी-अर्धी गोळी घेतात, आठवड्याला एकूण अर्धा मिलिग्रॅम.

मग डोक्यातल्या गाठीच्या औषधासाठी छातीचा एको कशाला? हा प्रश्न वहिनींनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर आपल्या शेतापासून सुरू होतं. ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकट थेंब गळू लागला की आपण चिकटा आला म्हणतो. बाजरीवर त्याच कुळातली बुरशी अरगट म्हणून ओळखली जाते, आणि पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारं काढून टाकतात. युरोपात राय नावाच्या धान्यावर या कुळातली एक बुरशी येते. तिच्यातल्या रसायनांपासून अर्धशिशीची आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायची औषधं निघाली. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिलानच्या फार्मितालिया कार्लो एर्बा या कंपनीत त्याच घराण्यातलं कॅबर्गोलिन तयार झालं.

या घराण्याची काही औषधं झडपांना बाधतात, पण दोष सगळ्या घराण्याचा नाही. झडपांच्या पेशींवर सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनासाठी काही ग्राहक असतात. त्यांतला एक, ‘टू-बी’ नावाचा, सतत डिवचला गेला की पेशी वाढू लागतात, पडदे जाड आणि ताठ होतात, त्यांना खालून धरणारे तंतू आखडतात. कॅबर्गोलिन आणि त्याच्याच घराण्यातलं पर्गोलाइड या ग्राहकाला जोरात डिवचतात. त्याच कुळातलं लिसुराइड उलट त्याला अडवतं. २००७च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात या विषयावर दोन अभ्यास आले. इटलीतल्या अभ्यासात कंपवाताचे १५५ रुग्ण होते; कंपवातावरही कॅबर्गोलिन दिलं जायचं, पण मोठ्या डोसात. कॅबर्गोलिन घेणाऱ्यांपैकी २८.६ टक्क्यांच्या झडपांतून दखल घेण्याजोगी गळती दिसली, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत ती ५.६ टक्के होती. ब्रिटनच्या अभ्यासात रोज तीन मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त होता. त्याच वर्षी अमेरिकेत पर्गोलाइड बाजारातून मागे घेतलं गेलं.

इथे वाचकानं घाबरण्याआधी हिशोब करावा. रोज तीन मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला एकवीस. वहिनींचा डोस आठवड्याला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे बेचाळीस पट कमी. २०१४ साली ब्रिटनमधल्या पीयूष ग्रंथीच्या आजाराच्या ७४७ रुग्णांचे एको अभ्यासले गेले, तेव्हा औषधाचा एकूण डोस आणि झडपांचा बिघाड यांचा संबंध आढळला नाही. पण कंपवाताचा रुग्ण बहुधा उतारवयातला असतो, आणि या गाठीचं औषध तरुण बाईला कधी कधी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. म्हणून भीती नको, लक्ष हवं. हे लक्ष म्हणजेच एको.

आता पहिला एको. गोळी सुरू होण्याच्या सुमारास काढलेला. अहवालातल्या सगळ्या ओळींत घरच्यांची नजर एकाच आकड्यावर जाते, ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे डावा खालचा कप्पा आपल्यातल्या रक्ताचा किती भाग दर ठोक्याला बाहेर टाकतो ते. आकडा चांगला आहे, पण या औषधाच्या बाबतीत तो फार काही सांगत नाही. झडप बरीच बिघडेपर्यंत हा आकडा साजरा राहू शकतो. खरी वाचायची ओळ त्याच्या वर आहे. पुष्कळ अहवालांत तिथे नुसतं ‘मायट्रल व्हॉल्व्ह नॉर्मल’ असतं. ही ओळ खोटी नसते, पण पाच वर्षांनी तिच्याशी काय ताडून पाहायचं? वहिनींच्या अहवालात मात्र डॉक्टरांनी लिहिलं होतं: पडदे पातळ, हालचाल मोकळी, दोन्ही पडदे जिथे जुळतात ते कोपरे चिकटलेले नाहीत, खालचे तंतू बारीक, गळती नाही, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून किंचित. हे चांगलं गद्य आहे. प्रत्येक शब्द पुढच्या वाचनासाठी जागा करून ठेवतो.

‘कोपरे चिकटलेले नाहीत’ या शब्दांवर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. आपल्याकडे लहानपणी घसा धरतो, सांधे दुखतात, ताप येऊन जातो आणि विसरला जातो. त्यातून कधी कधी संधिवाताचा ताप मायट्रल झडपेवर खूण ठेवून जातो. त्या झडपेचे कोपरे चिकटतात आणि पुढचा पडदा मधोमध फुगून टोकाशी अडतो. औषधानं बिघडलेली झडप वेगळी दिसते. ती सहसा चिकटत नाही, ताठ होते, आणि पडदे नीट मिटत नाहीत. पण काही वर्षांनी प्रथमच एको काढला आणि पडदा जाड निघाला, तर ही जुनी खूण की गोळीची, हे ठरवणं अवघड जातं. पहिला एको हाती असला की हा वाद उरत नाही.

दुसरी बघण्यासारखी जागा झडप मिटलेली असताना दिसते. दोन पडदे झडपेच्या कड्याच्या पातळीत जुळत नाहीत, किंचित खाली जुळतात, आणि एक छोटा त्रिकोण तयार होतो. इटलीच्या त्या अभ्यासात या त्रिकोणाचं क्षेत्रफळ मोजलं होतं. पडदे ताठरले की जुळण्याची जागा खाली ओढली जाते आणि त्रिकोण मोठा होतो. गळतीचे रंग स्क्रीनवर उठण्याआधीच आकार बोलायला लागतो. वहिनींच्या चित्रात हा त्रिकोण बसका, लहानसा आहे.

एकोच्या यंत्राचा जन्मच मायट्रल झडपेसाठी झाला. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी ही झडप किती अरुंद झाली आहे ते बाहेरून कळायला हवं होतं. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हेर्ट्झ यांच्यासोबत त्यांनी धातूतले दोष शोधायचं ध्वनियंत्र वापरून १९५३च्या ऑक्टोबरमध्ये हृदयाचा प्रतिध्वनी टिपला. एक रेघ झपाट्यानं वरखाली होत होती. एडलरना आधी वाटलं, ती वरच्या कप्प्याची भिंत असावी. पुढे मृत्यूनंतरच्या तपासण्यांशी पडताळून त्यांनी अर्थ बदलला: ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पडद्याची रेघ होती. पहिलं वाचन धरून न बसता संहितेकडे परत जाणारा हा वाचक मला फार मोठा वाटतो.

दुसऱ्या एकोच्या वेळी मी खोलीत होतो. वहिनी डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, छातीवर थंड जेली. डॉक्टरांनी बरगड्यांमधल्या फटीत प्रोब टेकवला, जरा फिरवला, आणि तो पडदा दिसला. झेप, तरंग, हलकी झेप. त्यांनी आधीचा एको शेजारी उघडला. जाडी तीच, त्रिकोण तोच, ट्रायकस्पिडची किंचित गळतीही तेवढीच. तेवढी गळती निरोगी माणसांतही सर्रास दिसते.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, “भाऊजी, काई नवीन लिवलं काय जी?”

“नाही वहिनी. मागचंच लिहिलं आहे.”

“मंग पैशे वायाच गेले म्हना.”

मला हे पटलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. कवितेत तीच ओळ पुन्हा आली की तिचं वजन वाढतं, कारण मधल्या कडव्यांतून ती तावूनसुलाखून आलेली असते. मधल्या वर्षांत वहिनींची पाळी नियमित झाली, प्रोलॅक्टिन आटोक्यात आलं, एवढं सगळं बदललं, आणि झडप जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या अहवालाचा सगळा आशय त्या ‘जशीच्या तशी’मध्ये आहे. पहिलं चित्र नसतं तर हे शब्द लिहिताच आले नसते.

किती दिवसांनी पाहावं, यावर मतं सारखी नाहीत. औषधाच्या माहितीपत्रकातला सल्ला कडक आहे: सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांत, मग सहा ते बारा महिन्यांनी. ब्रिटनमधल्या अंतःस्राव, एको आणि झडपांच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१९ साली एकत्र सांगितलं की आधी एक एको काढावा, आठवड्याला दोन मिलिग्रॅमपर्यंत डोस असेल तर पुढचा पाच वर्षांनी, त्याहून अधिक असेल तर दरवर्षी. मला दुसरा सल्ला जास्त समंजस वाटतो. तिवशाहून अमरावतीचा हेलपाटा, बुडणारी मजुरी आणि एकोचा खर्च धरला तर तो पाळलाही जाईल. तुमच्यासाठी कोणता, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर पहिल्या एकोचा कागद आणि सीडी दोन्ही जपून ठेवा. दर वेळी एको करणाऱ्याला औषधाचं नाव, आठवड्याचा डोस आणि किती वर्षं चालू आहे ते सांगा, आणि झडपांबद्दल चार शब्द जास्त लिहायची विनंती करा. चालताना दम लागू लागला, पायावर सूज आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि हे वाचून गोळी मनानं बंद करू नका.