'दानी पेड़' : देणाऱ्याची गोष्ट की घेणाऱ्याची?

शेल सिल्व्हरस्टीन (१९३०-१९९९) या अमेरिकन लेखक-चित्रकाराचे 'द गिव्हिंग ट्री' हे चित्रपुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. अरविंद गुप्ता यांच्या हिंदी अनुवादामुळे ते 'दानी पेड़' या नावाने आपल्याकडेही पोचले. मुलांना औदार्य शिकविण्यासाठी याहून चांगले पुस्तक नाही, असे आपल्या मंडळातील काही शिक्षकमित्र आग्रहाने सांगतात. पुस्तकाचे मोठेपण मान्य करूनही मतभेद नोंदविणे मला आवश्यक वाटते.

कथा चार ओळींची आहे. सफरचंदाचे झाड एका मुलावर प्रेम करते. मुलगा लहानपणी त्याच्या अंगाखांद्यावर खेळतो. मोठा होतो तसा येणे कमी करतो आणि येतो तेव्हा काहीतरी मागतो. पैशासाठी फळे, घरासाठी फांद्या, नावेसाठी खोड. अखेर उरलेल्या बुंध्यावर तो म्हातारा होऊन टेकतो. विशेष म्हणजे झाड त्याला शेवटपर्यंत 'मुला' म्हणूनच हाक मारते.

आतील चित्रे निव्वळ काळ्या रेषांची. पानावर मोकळी जागाच अधिक. खोडावर कोरलेल्या बदामात आधी मुलाच्या नावाशेजारी झाडाचे आद्याक्षर असते. पुढे दुसऱ्या बदामात तेथे कोणा मुलीची आद्याक्षरे येतात. मजकुरात याचा उच्चारही नाही. हे दुःख रेषेनेच सांगितले आहे आणि तेथे सिल्व्हरस्टीन थोर ठरतो.

भाषेचाही एक मुद्दा आहे. मूळ इंग्रजीत झाड स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तिकडील अनेक वाचकांना त्यात सर्वस्व वाहून टाकणारी आई दिसली आणि त्यावर टीकाही झाली. हिंदीत 'पेड़' पुल्लिंगी होते, तर मराठीत तोंडी सांगू लागलो की 'ते झाड' नपुंसकलिंगी. आई गेली, दाता उरला! 'दानी' हे विशेषण तर निवाडा आधीच देऊन टाकते.

आपल्या परंपरेत दानाचा विचार इतका भाबडा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक मानले आहे. कर्णानेही कवचकुंडले दिली ती मागणारा कोण, हे जाणून. सिल्व्हरस्टीनचे झाड असे काहीच पाहत नाही. प्रत्येक वेळी ते आनंदित झाल्याचे लेखक सांगतो. फक्त खोड गेल्यावर या आनंदाबद्दल हळूच शंका घेतो. सारे पुस्तक त्या एका शंकेवर उभे आहे, आणि वर्गात नेमकी तीच वगळली जाते.

योगायोगाने १९६४ मध्येच मध्यप्रदेशात तेंदूपत्त्याच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा झाला. नोकरीनिमित्त आपल्या जिल्ह्यातील जंगलांत पुष्कळ हिंडलो. तेंदूची झुडपे हंगामाआधी छाटतात ती नवी पाने फुटावीत म्हणून. मोहाची फुले पहाटे जमिनीवर पडलेली वेचतात. पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी झाड राखावेच लागते. घेण्याचीही रीत असते, हे त्या माणसांना कोणी पुस्तकातून शिकविले नाही.

मी हे तटस्थपणे लिहीत नाही. माझ्या बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी आईने हातातल्या पाटल्या मोडल्या. "मला आता कशाला हव्यात?" असे ती म्हणाली आणि मी ते खरे मानले. नोकरी लागल्यावर त्या परत करून देण्याचे मनात आले नाही, असे नाही. पण आधी बदली, मग बहिणीचे लग्न, मग घर. पाटल्या राहून गेल्या आणि पुढे आईही गेली. हे पुस्तक मला अस्वस्थ करते ते झाडामुळे नव्हे, त्या मुलामुळे.

म्हणून माझे मत असे की, औदार्याचा पाठ म्हणून ते पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे ठेवू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांना अवश्य वाचून दाखवावे, परंतु 'झाड किती चांगले!' असे म्हणून मिटू नये. मुलगा दर वेळी काय बोलतो आणि काय बोलत नाही, ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

हा नियम मी स्वतःच मोडला. गेल्या दिवाळीत सहा वर्षांच्या नातीला पुस्तक वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "आजोबा, तो झाडाला पाणी कधी घालतो?" आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्यापासून पाने उलटली. तसे चित्र सापडले नाही.