कलम ८९: तीस, पंचेचाळीस आणि त्यानंतर

कायदा चवीने वाचायचा असतो, असं कुणी म्हणत नाही. तरीही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधलं कलम ८९ एकदा सावकाश वाचून पाहावं. विषय रुक्ष: परीक्षेचा निकाल किती दिवसांत लावायचा. मजकूर जेमतेम एक वाक्य आणि त्याच्या शेपटाला एक परंतुक.

वाक्याची सुरुवात मवाळ आहे. तीस दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा. पूर्णविराम येईल असं वाटतं तोच सूर बदलतो: काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत लावायचाच. आधी समजूत, मग तंबी. आणि दोन्ही एकाच दमात. नुसते पंचेचाळीस लिहिले असते तर काम चव्वेचाळिसाव्या दिवशी सुरू झालं असतं. नुसते तीस लिहिले असते तर त्यांना कुणी गंभीरपणे घेतलं नसतं. कारकुनी स्वभावाची इतकी अचूक पारख कायद्यात क्वचितच दिसते.

हे दिवस मोजायचे कुठून? त्या त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून. दिसायला किरकोळ तपशील, पण खरं बळ त्यात आहे. अभियांत्रिकीचे पेपर अजून चालू आहेत, ही सबब बी.ए.च्या निकालाला लागू पडत नाही.

मग परंतुक येतं. एवढं करूनही मुदत चुकलीच, तर विलंबाच्या कारणांचा सविस्तर अहवाल कुलपती आणि राज्य शासन यांना द्यायचा. आपला नियम मोडला जाऊ शकतो हे नियमालाच ठाऊक आहे, आणि मोडल्यावर काय करायचं तेही त्याने सांगून ठेवलं आहे.

पुढचं कलम ९० याला जोडूनच वाचायला हवं. वेळापत्रक पाळलं नाही एवढ्याच कारणावरून परीक्षा किंवा निकाल अवैध ठरणार नाही, असं ते म्हणतं. पहिल्या वाचनात ही विद्यापीठासाठी ठेवलेली पळवाट वाटते. दुसऱ्या वाचनात कळतं की विद्यापीठाच्या दिरंगाईपायी विद्यार्थ्याचा पास झालेला पेपर बाद होऊ नये, हीही सोय त्यात आहे.

हा सगळा घाट १९९४च्या जुन्या कायद्यातून, तिथल्या कलम ७२ मधून, जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. नियम अद्ययावत करताना जे चांगलं आहे त्याला हात न लावणं हेही शहाणपणच. पण कसोटी लगेच लागली. नवा कायदा १ मार्च २०१७ला लागू झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एका झटक्यात संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. पंचेचाळीस दिवस उलटले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. वरच्या पायरीवर जाब विचारला गेला, हे खरं.

खालच्या पायरीवर काय? जामसरहून जव्हारला कॉलेजात येणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणून हे कलम पुन्हा वाचावं. विद्यापीठाचं परीक्षा भवन कालिन्याला, शंभरावर किलोमीटर दूर. खिडकीपाशी जाऊन विचारून येणं तिच्या आवाक्यातलं नाही. बी.एड.ची प्रवेशफेरी, वसतिगृहातली जागा, पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे गुणपत्रक मागतात. आणि कलम ८९ मधला अहवाल जातो तो वर, कुलपतींकडे आणि मंत्रालयाकडे. तिच्यासाठी त्यात एक ओळही नाही. ज्याच्यासाठी नियम केला, तोच नियमाच्या वाक्यात कुठे दिसत नाही, ही या देखण्या रचनेतली खोट.

ती दुरुस्त करायला नवा कायदा नको, परंतुकाला एका वाक्याची जोड पुरे: शेहेचाळिसाव्या दिवशी महाविद्यालयाने मागेल त्या विद्यार्थ्याला सही-शिक्क्याचं पत्र द्यावं, निकाल विद्यापीठाकडून प्रलंबित आहे असं त्यात लिहावं, आणि कोणत्याही प्रवेश किंवा शिष्यवृत्ती कार्यालयाने ते गुणपत्रक येईपर्यंत ग्राह्य धरावं.