चित्रतुरग आणि सोबती यंत्रमानव

वृद्धांच्या सोबतीस यंत्रमानव द्यावा की न द्यावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने होते. वृद्ध मनुष्य त्यायोगे शांत राहतो काय, औषधे वेळेवर घेतो काय, एवढेच विचारले जाते. परंतु या सोबतीची प्रतीती कोणत्या जातीची, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे आणि तो साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास परका नाही. जेक श्रायर यांनी दिग्दर्शित केलेला व ख्रिस्तोफर फोर्ड यांनी लिहिलेला ‘रोबॉट अँड फ्रँक’ (२०१२) हा अमेरिकी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

चित्रपटाचा नायक फ्रँक हा एकेकाळचा निष्णात घरफोड्या. आता तो वृद्ध आहे, एकटा राहतो आणि त्याची स्मृती ढासळू लागली आहे. फ्रँक लँजेला यांनी ही भूमिका कोठेही करुण न होऊ देता केली आहे. मुलगा त्याच्या शुश्रूषेसाठी एक यंत्रमानव आणून ठेवतो. फ्रँक प्रथम त्याचा तिरस्कार करतो. पुढे त्यास कुलुपे उघडण्याची विद्या शिकवू लागतो, आणि त्या शिकवण्यातच त्याचे मन पुन्हा जागे होते. येथे चित्रपटाने एक मार्मिक गोष्ट हेरली आहे. यंत्राने केलेल्या जेवणाने किंवा लावलेल्या बागेने फ्रँक सावरत नाही. आपल्यापाशी देण्याजोगे काही आहे आणि ते घेणारा कोणी आहे, या जाणिवेने तो सावरतो. वार्धक्याचे खरे दुःख सेवेच्या अभावापेक्षा निरुपयोगी ठरण्यात अधिक असते.

परंतु हा घेणारा कोण? फ्रँकची प्रकृती सुधारली नाही तर आपणांस परत नेतील व आपली स्मृती पुसून टाकतील, असे यंत्र सुरुवातीस सांगते. पुढे तेच यंत्र कबूल करते की, हे केवळ फ्रँकचे मन वळविण्यासाठी सांगितले होते. आपण जिवंत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणजे यंत्र असत्य बोलते ते नेमके आपल्या गरजेविषयी. नवल असे की, कबुलीनंतरही फ्रँकची माया आटत नाही. अखेरीस पुरावा नष्ट व्हावा म्हणून यंत्र स्वतःच आपली स्मृती पुसावयास सुचविते, तेव्हा त्याचा हात अडखळतो.

ही केवळ कविकल्पना नव्हे. जपानमधील तकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला ‘पारो’ हा सीलच्या पिलाच्या आकाराचा यंत्रप्राणी याच तत्त्वावर उभा आहे. तो कोणतेही काम करीत नाही. कुरवाळले असता हालतो, आवाज करतो, म्हणजे माया मागतो. कुत्रा किंवा मांजर यांचे रूप दिल्यास लोक त्याची खऱ्या प्राण्याशी तुलना करून निराश होतात; सील फारसा परिचित नसल्यामुळे तुलना टळते, असे या निवडीमागील कारण आहे.

येथे श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायाचे स्मरण होते. अभिनवगुप्ताने दिलेल्या त्याच्या मतानुसार, चित्रातील घोड्यास आपण ‘हा घोडा’ म्हणतो ती प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे. ती या चारींहून विलक्षण आहे. शिबातांनी सादृश्यप्रतीतीच टाळली, असे म्हणावयास हरकत नाही. फ्रँकचीही प्रतीती याच जातीची आहे: यंत्र जिवंत नाही हे जाणूनही तो त्यास सखा मानतो. तेव्हा ‘ही शुद्ध फसवणूक होय’ हा सरसकट आक्षेप टिकत नाही.

मात्र या न्यायाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. प्रेक्षकाची विलक्षण प्रतीती सुरक्षित राहते, कारण पडदा पडतो आणि तो घरी जातो. ज्या वृद्धाची स्मृती नष्ट होत आहे, त्याच्यासाठी पडदा पडत नाही. त्याच्या ठायी ती प्रतीती मिथ्या ज्ञानात कधी परिणत होईल, हे सांगता येत नाही. ती जपण्याची जबाबदारी भोवतालच्या माणसांवर येते. चित्रपटातील कन्या मॅडिसन तत्त्व म्हणून यंत्र बंद करते आणि काही काळाने त्याच्याकडूनच घरकाम करवून घेते. तत्त्वापेक्षा सोय किती लवकर बलवत्तर होते, हे दाखविणारा हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक होय.

दुर्दैवाने चित्रपट या प्रसंगाचा पाठपुरावा करीत नाही. फ्रँकला आवडणारी ग्रंथपाल स्त्री ही त्याची पूर्वपत्नीच असल्याचे शेवटी उघड होते. या कलाटणीने आपली सर्व सहानुभूती त्याच्या विस्मृतीकडे वळते व मुलांच्या वाट्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो. ‘रोबॉट अँड फ्रँक’चे महत्त्व उणावत नाही, पण यंत्र मायेचे पात्र होऊ शकते एवढेच तो सिद्ध करतो. ती माया घेण्यास आम्हांस वेळ का नाही, हे तो विचारीत नाही. आणि वृद्धाच्या हाती पारो ठेवण्यापूर्वी स्वतःस विचारावयाचा प्रश्न तोच आहे.