औषधाच्या वेष्टनावरील ठिपक्यांचा चौकोन

गोळ्यांची पट्टी किंवा तिचे खोके उलटून पाहिले, तर अलीकडे त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून, अनुसूचीत नमूद केलेल्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे सक्तीचे झाले. औषधाचे मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा ओळख-संकेत अशी आठ प्रकारची माहिती त्यात असावी लागते. औषध अस्सल आहे की नाही हे पडताळणे सोपे जावे, असा हेतू सांगितला आहे. आम्हाला हा चौकोन त्या हेतूसाठी अपुरा वाटतो. तो का अपुरा आहे, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे.

आम्ही एक साधा प्रयोग केला. अशा एका खोक्यावरील कोडाची साध्या झेरॉक्स यंत्रावर प्रत काढली आणि फोनने ती वाचली. नाव, बॅच, तारखा, सगळे मूळ खोक्याप्रमाणेच आले. मग प्रतीच्या एका बाजूला पेनने थोडी शाई फासली. तरीही तेच! (तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन मात्र झाकू नका. कोड कोठे आहे व कसा वळलेला आहे, हे यंत्राला त्यांवरूनच कळते.) विद्यार्थ्यांना दुसऱ्या निष्कर्षाचे नवल वाटेल, पण विचार करायचा तो पहिल्याचा.

शाई फासूनही कोड का वाचला जातो? १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यात तेल लागते, ओरखडे पडतात. म्हणून मूळ माहितीबरोबर तिच्यावरून गणिताने काढलेली जादा माहितीही कोडात भरलेली असते. या रीड-सॉलोमन पद्धतीमुळे, निवडलेल्या पातळीनुसार, सुमारे ७ ते ३० टक्के भाग बिघडला तरी मूळ मजकूर परत मिळवता येतो.

याचेच बाळबोध रूप बिस्किटाच्या पुड्यावर सापडते. तेथील बारकोडाखाली १३ अंक असतात. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करा. पुढची दहाची पट गाठायला जेवढे कमी पडते, तो तेरावा अंक. एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर हिशेब जुळत नाही. (सुरुवातीच्या ८९० वरून वस्तू भारतात बनली असे समजण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. क्रमांकाची नोंदणी भारतात झाली, एवढाच त्याचा अर्थ.)

ही सारी योजना चूक पकडते, लबाडी पकडत नाही. वाचन-यंत्राच्या हातून झालेली गफलत आणि माणसाने जाणूनबुजून केलेली नक्कल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट, नक्कल करणाऱ्याची प्रत थोडी वाईट निघाली, तरी हीच दुरुस्तीची सोय तिला सांभाळून घेते. कोडात एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर नकली माल बनवणारा स्वतःच्या पानाचा पत्ता छापू शकतो, आणि ते पान ‘औषध अस्सल आहे’ असे खुशाल सांगेल. चोराने दिलेल्या पत्त्यावर चोराची चौकशी करण्यासारखाच हा प्रकार.

मग खात्री कशाने व्हावी? प्रत्येक नगावर वेगळा क्रमांक हवा आणि तो वापरला गेल्याची नोंद कोठेतरी एकाच ठिकाणी व्हायला हवी. युरोपीय संघातील बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांना ही पद्धत लागू झाली. खोक्याचा क्रमांक औषध देताना दुकानात तपासला जातो आणि त्याच वेळी बाद केला जातो. त्याच क्रमांकाचे दुसरे खोके आले, की गडबड उघडी पडते. म्हणजे राखण करते ती मागची नोंदवही, ठिपके नव्हेत. आपल्या नियमातील आठ बाबींत प्रत्येक पट्टीला स्वतंत्र क्रमांक असावा, असे स्पष्टपणे कोठे म्हटलेले नाही आणि विक्रीच्या वेळी तो बाद करण्याची तरतूदही नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच.

या बाबतीत देवगडच्या आंबा उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात काढलेली युक्ती आम्हाला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. तेथील सहकारी संस्थेने फळावर लावायच्या स्टिकरवर क्रमांकाचा एक भाग वर आणि दुसरा आतल्या बाजूला छापला. ग्राहकाने स्टिकर उचकटल्यावरच दुसरा भाग दिसतो, आणि एकदा उचकटलेला स्टिकर पुन्हा उपयोगी पडत नाही. बागायतदाराला स्टिकर मिळतात तेही त्याच्या झाडांच्या मानाने. अर्थात त्यानेच ते बाहेरून आणलेल्या फळावर लावले, तर स्टिकर काय करणार? पण मोजके स्टिकर असल्याने त्या मोहालाही मर्यादा पडते.

नक्कल समजा थांबली. तरी याहून अवघड प्रश्न उरतोच. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते औषधी म्हणून आलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल असल्यामुळे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी गेला. कारण तेच द्रव्य. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या बाटलीवरील नाव, परवाना व बॅच यांत खोटे काही नव्हते. खोट बाटलीच्या आत होती. असे औषध कोडाने तपासले असते, तर फोनने निःशंकपणे ‘अस्सल’ असाच निर्वाळा दिला असता. कोडाला वेष्टन कळते, औषध कळत नाही. बॅच क्रमांकाचा उपयोग आहे, पण तो नंतरचा: दोष सापडल्यावर त्या बॅचचा माल कोठे कोठे गेला हे शोधून परत मागवता येतो. हा उपयोग कमी लेखण्यासारखा नाही. फक्त दोष शोधण्यासाठी आधी प्रयोगशाळेत कुणीतरी चाचणी करावी लागते.

आतल्या मालाची खबर ठेवणारे लेबल मुळी नसतेच असे नाही. पोलिओ लसीच्या कुपीवर एका वर्तुळात फिकट चौकोन असतो. आपल्यापैकी ज्यांनी पल्स पोलिओच्या बूथवर काम केले आहे, त्यांना तो आठवेल. १९९६ पासून वापरात आलेल्या या चिठ्ठीत ना विद्युत्मंडल, ना क्रमांक. उष्णतेने त्यातील रंगहीन रसायनाचे रेणू हळूहळू एकमेकांना जोडले जातात आणि चौकोन गडद होतो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी टाकून द्यायची. ही क्रिया उलटी फिरत नाही. त्यामुळे दिवसभर उन्हात राहिलेली कुपी संध्याकाळी शीतपेटीत ठेवून कुणाला साळसूदपणा करता येत नाही. लस कुणी बनवली याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. तिने किती ऊब सोसली एवढेच सांगते, आणि ते खरे सांगते. ‘स्मार्ट’ हे विशेषण द्यायचेच तर आम्ही या चिठ्ठीला देऊ.

शाम्पूच्या बाटलीवर किंवा चॉकलेटच्या वेष्टनावर आता असेच कोड दिसतात. त्यांतले पुष्कळसे बक्षीस-योजनेच्या पानावर नेतात आणि तेथे पहिला प्रश्न तुमच्या मोबाइल क्रमांकाचा असतो. वस्तूची माहिती ग्राहकाला मिळण्याऐवजी ग्राहकाची माहिती कंपनीला मिळते. विद्यार्थ्यांना असे दहा कोड वाचायला सांगावेत आणि कोणत्या कोडाने काय सांगितले व काय विचारले, याचा तक्ता करून घ्यावा.

औषधाच्या बाबतीत तूर्त एवढे करता येते: कोडातून आलेला बॅच क्रमांक व तारखा वेष्टनावर छापलेल्या मजकुराशी, आणि दुकानाच्या बिलावरील बॅच क्रमांकाशी ताडून पाहाव्यात. तिन्ही जुळत नसतील तर औषध घेऊ नये. आणि पट्टी कापून घेतली असेल, तर बॅच व मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानदाराकडेच राहतो; तो मागून पाहावा.